आधी फ्रॅक्चर बसवायचं, मग रॉड: तासगावकडच्या एका आजींच्या खुब्याचं प्रकरण

आजींचं वय ७९, तासगाव तालुक्यातलं गाव, घरची द्राक्षबाग आणि दोन म्हशी. पहाटे गोठ्यात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या कुशीवर पडल्या, परत उठता आलं नाही. घरच्यांनी उचलून कॉटवर ठेवलं तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल पूर्ण बाहेरच्या बाजूला कललंय. वयस्कर माणूस पडल्यावर पाय असा दिसला की एक्सरेच्या आधीच समजायचं, खुब्याचं हाड मोडलंय. पण नेमका छाटणीचा हंगाम, बागेत मजूर आलेले, आणि कुणीतरी सुचवलं की शेजारच्या गावात हाड बसवणारा आहे. त्याने पाय ओढला, कसलातरी लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. आजी रात्रभर कण्हत होत्या, पाणी पण नको म्हणत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागल्या तेव्हा मुलगा घाबरला. तासगावात एक्सरे काढला आणि १०८ ने संध्याकाळी आमच्याकडे मिरजेला आल्या. म्हणजे पडल्यापासून जवळजवळ ३६ तास गेलेले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात सगळी वळणं आली जी अशा पेशंटमध्ये येतात, आणि कारण अजूनही नातेवाइकांत आणि कधीकधी आमच्या ज्युनिअर डॉक्टरांतसुद्धा एक समज पक्का आहे की रॉड टाकला की फ्रॅक्चर आपोआप सरळ होतं. मांडीच्या मधल्या हाडात रॉड नळीत घट्ट बसतो, तिथे तो हाडाला बऱ्यापैकी सरळ करतो. खुब्याशी मात्र हाडाची पोकळी रुंद असते, त्यात रॉड सैल उभा राहतो, त्यामुळे तुकडे वाकडे असतील तर तो ते वाकडेच धरून ठेवतो.

आल्या तेव्हा जीभ कोरडी, नाडी ११० च्या आसपास, बीपी १००/६०, लघवी कमी आणि गडद. हिमोग्लोबिन ९.४, किडनीचं क्रिएटिनिन १.६, सोडियम १२६. बीपीच्या गोळीत थायझाइड होतं, ज्याने सोडियम उतरतं, शिवाय ७५ ची अ‍ॅस्पिरिन चालू. इथे हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबून राहायचं नसतं. हे फ्रॅक्चर सांध्याच्या आवरणाच्या बाहेर असतं, रक्त मांडीच्या स्नायूंत मुरत राहतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, त्यात पेशंट सुकलेला असला की आकडा खोटा चांगला येतो. सलाईन गेल्यावर सकाळी तोच आकडा ८.० वर आला, मग एक पिशवी रक्त दिलं. थायझाइड बंद केलं, सोडियम हळूहळू वर आणलं, घाईने वर नेलं तर मेंदूला धोका असतो म्हणून फिजिशियन दर थोड्या तासांनी तपासत होते. अ‍ॅस्पिरिनसाठी थांबायची गरज नसते आणि आम्ही थांबलो नाही. क्लोपिडोग्रेल किंवा दुसरी रक्त पातळ करणारी औषधं असतील तर गोष्ट वेगळी, ती भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवायची.

त्या रात्री सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीवर बघून जांघेजवळ दिलेल्या इंजेक्शनचा. त्याला फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात, त्याने खुब्याकडच्या नसा काही तास बधिर होतात. नुसत्या जोरदार पेनकिलरने म्हाताऱ्या माणसाला आणखी भ्रम होतो, किडनीवर पण ताण येतो. ब्लॉकनंतर अर्ध्या तासात आजींनी सुनेला ओळखलं आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

बाहेर मुलगा, सून, दोन मुली आणि भाऊबंद बसलेले. मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सायेब, आईचं वय बघता ऑपरेशन झेपंल का? वजन लावून घरी न्हेलं तर न्हाई का चालायचं?" प्रश्न चुकीचा अजिबात नाही, पूर्वी वजन लावूनच ठेवायचे. मी त्यांना सांगितलं ते इथे पण सांगतो. खुब्याच्या या भागाला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे वजन लावून ठेवलं तरी हाड बहुतेक वेळा जुळतं. पण त्याला दोनेक महिने किंवा जास्त उताणं पडून राहावं लागतं, आणि तेवढ्या काळात ८० च्या घरातल्या माणसाला न्यूमोनिया होतो, कमरेला आणि टाचेला जखमा पडतात, पायात रक्ताची गुठळी होते, लघवीचं इन्फेक्शन होतं. त्यातून निभावलं तरी हाड वाकडं जुळतं, पाय आखूड होतो, आणि अंगातली ताकद गेलेली असल्याने चालणं परत येतच नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचातला एक ते तीनातला एक पेशंट दगावतो, ऑपरेशन करूनसुद्धा. हा आकडा मी लपवत नाही. ऑपरेशन करायचं ते माणसाला बसवता यावं, कूस बदलता यावी, उभं करता यावं यासाठी. मोठी मुलगी म्हणाली, "तिला अंथरुणात पडून राहायला कधीच आवडलं न्हाई, करा तुम्ही." रेशनकार्ड, आधार आणि एक्सरे रात्रीच सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे दिले.

मग प्रश्न वेळेचा. ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावं असं साधारण सगळीकडे मानतात, आणि आजींचे ३६ तास तर गावातच गेलेले. म्हणून मध्यरात्रीच टेबलावर घ्यायचं का? २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये हिप अटॅक नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात भारतातले पेशंट पण होते. निदान झाल्यावर सहा तासांच्या आसपास ऑपरेशन झालेले आणि साधारण चोवीस तासांनी झालेले, यांच्यात मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, पण लवकर झालेल्यांत भ्रम कमी होता आणि ते लवकर उभे राहिले. मी यातून माझ्यापुरता अर्थ असा घेतो की जे काही तासांत सुधारता येतं, म्हणजे पाणी, रक्त, सोडियम, तेवढं सुधारायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत पहिला नंबर लावायचा. फक्त इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, फक्त एका सहीसाठी तीन-तीन दिवस पेशंट पडून राहतात ते मला पटत नाही. आजींच्या छातीत घरघर नव्हती, हृदयाचा आवाज स्वच्छ होता, आमचं इको बेडशेजारीच झालं आणि त्यासाठी काही अडलं नाही.

आता एक्सरे. पहिल्या एक्सरेत पाय बाहेर वळलेला असल्याने सगळं एकमेकांवर चढलेलं दिसतं आणि फ्रॅक्चर खरं तसं कळत नाही. म्हणून ब्लॉकचा असर असतानाच पाय हलका ओढून आत वळवून परत एक्सरे काढला, तो एक एक्सरे सगळं सांगून गेला. मांडीच्या हाडाच्या वर बाहेरच्या बाजूला मोठा उंचवटा असतो आणि आतल्या बाजूला छोटा, फ्रॅक्चर या दोन्हींच्या मधून गेलेलं. छोटा उंचवटा मागच्या-आतल्या हाडाचा मोठा तुकडा घेऊन वेगळा झालेला, त्यामुळे वजन पेलणारी आतली कडाच गेलेली. मोठ्या उंचवट्यात मागून चीर. आणि बाहेरची भिंत, जिला लॅटरल वॉल म्हणतात, ती मोजली तर १८ मिलिमीटर. २०१३ मध्ये तैवानच्या शू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही जाडी २०.५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्लेट-स्क्रू लावताना भिंत फुटायची शक्यता वाढते, फ्रॅक्चरचे प्रकार ठरवणाऱ्या २०१८ च्या एओ वर्गीकरणात हाच आकडा घेतलाय. त्या हिशोबाने हे ३१-ए२, म्हणजे अस्थिर. डाव्या, न मोडलेल्या खुब्यावर सिंग इंडेक्स बघितला, हाडातल्या रेषा किती विरळ झाल्यात ते बघून ऑस्टिओपोरोसिस ओळखायची ही साधी पद्धत, १९७० मध्ये आपल्याच देशातल्या डॉ. मनमोहन सिंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. ग्रेड ३ आला, हाड बऱ्यापैकी पोकळ.

मुलाने विचारलं प्लेट का नको, गावात एकाला प्लेट टाकलेली आणि तो चालतोय. त्याचंही बरोबर आहे. स्थिर फ्रॅक्चर असेल, आतली कडा शाबूत असेल, बाहेरची भिंत जाड असेल तर डीएचएस म्हणजे प्लेट आणि सरकणारा स्क्रू उत्तम काम करतो, खर्च पण कमी, तिथे उगाच नेल, म्हणजेच रॉड, टाकण्यात मला अर्थ वाटत नाही. पण आजींच्या हाडात आतली कडा नाही आणि बाहेरची भिंत पातळ. प्लेट हाडाच्या बाहेरून बसते, शरीराचं वजन आतून येतं, मधलं अंतर जास्त. भरलेली घागर कमरेवर घेतली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, तसं. नेल हाडाच्या पोकळीत असल्याने वजनाच्या रेषेच्या जवळ राहतो. शिवाय भिंत पातळ असली तरी आतला नेल वरच्या तुकड्याला बाहेर घसरू देत नाही, अडवून धरतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी गॅमा नेल आला, १९९० च्या दशकात पीएफएन, नंतर खुब्याच्या गोळ्यात जाणाऱ्या दोन स्क्रूंऐवजी एक पिळदार ब्लेड असलेला पीएफएनए. दोन स्क्रूंच्या नेलमध्ये पोकळ हाडात एक स्क्रू आत आणि दुसरा बाहेर सरकायची तक्रार यायची, त्याला झेड इफेक्ट म्हणतात. आजींसाठी ब्लेडवाला घेतला, आपल्याकडच्या बारीक हाडांना बसेल अशा बनावटीचा, १० मिलिमीटर जाड, आखूड लांबीचा, कारण मांडीच्या हाडाला पुढे बाक होता आणि लांब नेलचं टोक पुढच्या कडेला खुपलं असतं.

कमरेत कमी डोसची भूल दिली, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड दिलं, पाय ओढून धरणाऱ्या ट्रॅक्शन टेबलावर पाय बांधला. पाय ओढून आत वळवला आणि सी-आर्ममध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या मशीनमध्ये, समोरून बघितलं तर छान दिसतंय. मोठ्या उंचवट्याचं टोक आणि खुब्याच्या गोळ्याचा मध्य एका रेषेत, मान (गोळ्याला मांडीच्या हाडाशी जोडणारा भाग) आणि मांडीचं हाड यांच्यातला कोन १३० अंशांच्या जवळपास, आतली कडा जुळलेली. इथेच घात होतो. समोरचं चित्र बघून लगेच चीर घ्यायचा मोह होतो, टेबलावर म्हातारं पेशंट आहे, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतायत, सगळ्यांनाच लवकर संपवायचं असतं. पण बाजूने बघितलं तर मान मागे पडलेली, मानेची पुढची कडा मांडीच्या हाडाच्या पुढच्या कडेच्या मागे, पोकळीत शिरलेली. असंच सोडून नेल टाकला असता तर पुढच्या काही आठवड्यांत वरचा तुकडा आत-आत सरकत गेला असता, कारण त्याला अडवायला हाडच नाही, आणि मग ब्लेड गोळा फोडून वर येतं.

ओढ वाढवून हे सुटत नाही, उलट जास्त ओढलं की तुकडे लांब जातात आणि मागचा भाग आणखी खाली पडतो. म्हणून ओढ थोडी कमी केली, मांडीखालून आधार देऊन वर उचललं, लोंबणं कमी झालं पण पुढची कडा मागेच. मग पुढच्या-बाहेरच्या बाजूने छोटी चीर घेतली, पुढच्या कमरेच्या हाडाच्या टोकापासून खाली सरळ जाणाऱ्या रेषेच्या बाहेरच राहून, कारण रेषेच्या आत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, आणि बोथट हत्यार फ्रॅक्चरच्या फटीत घालून मान हळूच पुढे उचलली. कडा आली, एक खटका जाणवला. ती किंचित पुढेच ठेवली, आतल्या बाजूला पण वरच्या तुकड्याची कडा खालच्या कडेपेक्षा केसभर आत राहील असं बघितलं. वरचं हाड खालच्या हाडावर टेकून बसलं की पुढे ते सरकलं तरी थोडंसंच सरकून थांबतं. जाड वायर टाकून तात्पुरतं धरून ठेवलं, नेलच्या वाटेत येणार नाही अशी. या सगळ्याला वीसेक मिनिटं गेली आणि माझं ठाम मत आहे की पूर्ण ऑपरेशनमधली सगळ्यात मोलाची वीस मिनिटं हीच होती.

पुढचं काम मग सोपं होत गेलं. नेल आत घालायची एन्ट्री मोठ्या उंचवट्याच्या टोकावर, किंचित आतल्या बाजूला, बाहेर गेली तर नेल घालताना मान आडवी पडते. रीमर, म्हणजे नेलसाठी वाट कोरणारं ड्रिल, हाडाला टेकायच्या आधीच फिरता ठेवायचा आणि हळू न्यायचा, दाब दिला तर तो हाड कापायच्या ऐवजी पाचरीसारखा दोन तुकड्यांना फाकवतो आणि मगाशी बसवलेलं सगळं जातं. नेल हाताने, हातोडी नाही. ब्लेडला वाट दाखवणारी तार समोरून मध्यापासून जरा खाली, बाजूने बरोबर मध्यात. ब्लेडचं टोक गोळ्याच्या टोकापासून किती लांब हे दोन्ही एक्सरेतून मोजून बेरीज करतात, टिप-अ‍ॅपेक्स डिस्टन्स, १९९५ मध्ये बॉमगार्टनर यांनी मांडलेलं, २५ मिलिमीटरच्या आत हवं. आजींचं २२ आलं. ब्लेडच्या बाबतीत फार पुढेही जाऊ नये असं मी मानतो, मऊ हाडात ते सरळ पुढे घुसू शकतं. हाड पोकळ म्हणून गोळ्यात ड्रिल केलं नाही, फक्त बाहेरची कडा उघडली, ब्लेड स्वतःच हाड दाबत आत जातं आणि तेवढीच पकड वाढते. खालचा स्क्रू टाकायच्या आधी ओढ सोडून दिली, तुकडे एकमेकांना टेकले, फट राहिली नाही, तेव्हाच लॉक केलं. हे विसरलं तर नेल फट तशीच धरून ठेवतो, हाड जुळत नाही आणि काही महिन्यांनी नेल तुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं, लघवीची नळी काढली. रात्री पुन्हा भ्रम झालेला, म्हशीचं दूध काढायचंय म्हणून उठायला बघत होत्या. अशा वेळी हात बांधू नयेत आणि झोपेची गोळी पण शक्यतो देऊ नये. सुनेला शेजारी बसू दिलं, चष्मा लावला, खिडकी उघडली, पोट साफ व्हायचं औषध दिलं, सोडियम तपासलं. दोन दिवसांत डोकं ताळ्यावर आलं. गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन, किडनीचा आकडा बघून डोस ठरवला.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. नातेवाईक म्हणाले, "टेकू नगा सांगा, रॉड वाकंल." वाकत नाही. पूर्ण वजन टाकू द्यायचं, सोसेल तेवढं, कारण ८० च्या आसपासच्या माणसाला एक पाय उचलून चालणं जमतच नाही, त्यांना टेकवू नका सांगणं म्हणजे झोपून राहा सांगणं. फ्रॅक्चर नीट बसलेलं असेल तर हे बिनधास्त सांगता येतं, बसलेलं नसेल तर सर्जनलाच भीती वाटते आणि तो पेशंटला महिनाभर झोपवून ठेवतो. आजी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "लेकरा, पडंल मी," आणि चार पावलं टाकली.

सहा आठवड्यांच्या एक्सरेत ब्लेड ५ मिलिमीटर बाहेर सरकलेलं, कोन तसाच. एवढं सरकणं अपेक्षित असतं, तुकडे दबून घट्ट होतात. मांडीला बाहेरून कुशीवर झोपल्यावर थोडं टोचतं म्हणाल्या. चार महिन्यांनी हाड जुळलेलं. पाय सेंटिमीटरभर आखूड राहिला, चपलेत टाच वाढवून दिली, काठी कायम राहिली. गोठ्यात एकट्या जात नाहीत. पूर्वीसारख्या शंभर टक्के झाल्या असं मी म्हणणार नाही, पण स्वतःचं स्वतः आवरतात आणि देवळापर्यंत जातात.

एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी राहून जाते ती हाडाच्या मूळ आजाराची. मोडलेलं हाड जोडलं, पण पोकळ झालेला सांगाडा तसाच, आणि दुसरा खुबा मोडायची वाट बघत बसायचं का? आजींचं व्हिटॅमिन डी ११ होतं, आधी ते आणि कॅल्शियम भरून काढलं, क्रिएटिनिन ०.९ वर आल्यावर सहाव्या आठवड्यात हाडाची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम सलाईनमधून दिलं. २००७ च्या होरायझन अभ्यासात खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ९० दिवसांच्या आत हे सुरू केलेल्यांत नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले होते. वर्षातून एकदा घ्यायचं औषध, तरी डिस्चार्ज कार्डवर ते लिहिलेलं क्वचितच दिसतं. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर लोक घाबरून दुसरा डोस घेत नाहीत. किडनी कमजोर असेल तर हे देता येत नाही, दुसरी औषधं आहेत. दात काढायचे असतील तर आधी ते उरकून घ्यायचं.

बीपीची गोळी बदलून दिली, थायझाइडवाली परत सुरू करू नका असं कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं. घरी कमोडची खुर्ची, न्हाणीत धरायला दांडा, गोठ्याच्या वाटेवर रात्रभर बल्ब, हे मुलाने आपणहून केलं. जेवणात रोज एक अंडं आणि दोन वाट्या डाळ, सुनेच्या मागे लागून. पुढचं झोलेड्रॉनिक वर्ष पूर्ण झाल्यावर, त्याआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी परत तपासायचं, आणि त्याच वेळी डाव्या खुब्याचाही एक एक्सरे काढायचा.